गोदीतल्या पोकळ कुर्ल्या

दत्ता, कॉलेजच्या शोकसभेत तुझ्याविषयी बरंच बोललं गेलं. तू विद्यार्थ्यांचा लाडका होतास, मोर्चात सगळ्यांच्या पुढे असायचास, विषमज्वरानं अकाली गेलास, वगैरे. सगळं खरं होतं, म्हणूनच जरा कंटाळवाणं होतं. खेकड्यांचं नाव कुणी काढलं नाही. मलाही बोला म्हणाले, मी नको म्हटलं. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, आणि तू समोर फोटोत होतास. त्या फोटोत तुझ्या गळ्यात टाय आहे. तू जन्मात कधी टाय लावला नाहीस, तेव्हा तो फोटोवाल्याचाच असणार.

माघात तू गेलास, आता चैत्र सरत आला. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे तू आजारी पडण्याआधीच पक्कं झालं होतं. ती बातमी आली त्या दिवशी तू स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटलेस आणि मला दोन दिलेस, कारण मी ‘बघू, होतंय का’ म्हणणाऱ्यांतला होतो. दुसरा पेढा तोंड बंद करायला, असं तूच म्हणालास. ते भांडण तू जिंकून गेलास. आपलं दुसरं एक भांडण होतं, ते मात्र हरलो असं समजून गेलास. मी हे लिहितो आहे ते त्या दुसऱ्या भांडणासाठी.

तुला सगळं पाठ आहे, पण हे इतरही वाचतील, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तू प्राणिशास्त्राचा, मी रसायनशास्त्राचा. तू लालबागच्या चाळीतला मालवणी, मी गिरगावातल्या वाडीतला शाकाहारी. एका जिन्याच्या दोन बाजूंना आपल्या प्रयोगशाळा होत्या, आणि तुझ्या बाजूचा वास माझ्या बाजूला येतो, ही माझी तक्रार घेऊन मी पहिल्यांदा तुझ्याकडे आलो. तू एका खेकड्याचं कवच उघडून बसला होतास. तक्रार ऐकून घेतलीस आणि म्हणालास, “बस रे. आलाच आहेस तर हे बघ.” कवचाखाली पिवळा मऊ गर होता. आपल्या शरीरात यकृत आणि स्वादुपिंड मिळून जे करतात ते खेकड्याच्या शरीरात ही एकच ग्रंथी करते, हे तू मला सांगितलंस. त्याची चरबी सगळी इथे साठते. कात टाकायच्या वेळी खेकडा खात नाही, तेव्हा ही शिदोरी त्याला पुरते. शिदोरी नसेल तर तो नव्या कवचापर्यंत पोचत नाही. मी नाकाला रुमाल लावून ऐकत होतो आणि मला ते आवडत होतं.

तुझा प्रश्न तुला तुझ्या स्वयंपाकघरात मिळाला होता. तुमच्याकडे खेकड्यांना कुर्ल्या म्हणतात. कुर्ल्या अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, हे तुमच्या चाळीत सगळ्यांना माहीत. तुझे वडील माझगावच्या गोदीत जहाजांचे तळ खरवडायच्या कामावर होते, आणि येताना कधीमधी गोदीच्या भिंतीला धरलेले खेकडे आणायचे. ते अमावास्येलाही पोकळ निघायचे. तुझी आई म्हणायची, “गोदीतल्यो कुर्ल्यो हाडू नको. त्येंच्यात काय नाय.” तेवढ्यावर तिच्यापुरता विषय संपला. तू मात्र त्याला धरून राहिलास. जहाजाच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून तांब्याचा लाल रंग देतात. तो खरवडला की गोदीच्या पाण्यात पडतो. वडील संध्याकाळी हातपाय धुवायचे तेव्हा मोरी लाल व्हायची, असं तू सांगायचास. पाण्यातलं तांबं खेकड्याची चरबी खातं, असं तुझं म्हणणं होतं. त्यावर तुला प्रबंध लिहायचा होता.

माझं म्हणणं वेगळं होतं. मी म्हणायचो, तांबं असेल, पण ते चरबीला हात लावत नाही. घाणेरड्या पाण्यात खेकडा नीट खात नाही. उपाशी राहतो, साठवलेलं जाळतो, वाळतो. त्याला ग्रंथी बिघडायची गरज काय? तू म्हणायचास, तो खातो. खाऊनही त्याच्या शरीरात चरबी होत नाही, कारण ती बनवणारी जागाच बिघडलेली असते. या दोन वाक्यांवर आपण किती चहा प्यायलो याचा हिशेब कोपऱ्यावरच्या इराण्यालाच माहीत. तू आवाज चढवायचास, मी चढवत नसे, आणि मी चढवत नाही याचाच तुला जास्त राग यायचा.

शेवटी प्रयोग ठरला. काचेच्या टाक्या तू मांडल्यास. निम्म्यांत समुद्राचं स्वच्छ पाणी, निम्म्यांत तेच पाणी आणि त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार. खेकडे तू आणायचेस, वरळीच्या खडकांवरचे, गोदीपासून लांबचे. पाणीही तिथलंच. ट्रामच्या कंडक्टरनं तुला एकदा विचारलं होतं, “मास्तर, रोज समुद्र कुठं नेता?” पुढचं काम माझ्याकडे. ग्रंथी वाळवायची, ईथरमध्ये तिची चरबी विरघळवायची, ईथर उडवून द्यायचं आणि बशीत मागे उरेल ते तोलायचं. मी पहिल्यांदाच कुठल्या प्राण्याला हात लावला तो असा, आणि तेही घरी न सांगता.

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाहेर शहर पेटलेलं होतं. त्या हरताळाच्या दिवसांत लालबाग-परळला संचारबंदी लागली आणि तू घरात अडकलास. खेकड्यांना खायला कोण घालणार? तू कुठल्यातरी कार्यकर्त्याबरोबर मला निरोप पाठवलास: “मध्याला म्हणावं सुकट आण आणि घाल.” मला आजही त्या निरोपाचं आश्चर्य वाटतं. गिरगावात रस्त्यावर दगडांचा सडा, कोपऱ्यावर पोलीस, दुकानं बंद, आणि मी, ज्याच्या घरी अंडंही येत नाही, तो शेजारच्या वाडीतल्या एका बाईंकडून सुकटीची पुडी मागून घेऊन कॉलेजच्या मागच्या दारानं आत शिरतो आहे. एका पोलिसानं पुडी हुंगून बघितली आणि मला सोडून दिलं. घरी आई म्हणाली, “तुझ्या हाताला कसला वास येतोय रे?” मी म्हटलं, चळवळीचा. तिनं मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही.

संचारबंदी उठल्यावर तू आलास. तुमच्या बाजूला बरंच काही झालं होतं. तुझा आवाज बसला होता आणि कपाळावर पट्टी होती. मी पट्टीकडे बघत होतो. तू टाक्यांकडे बघत होतास. पहिला प्रश्न विचारलास तो हा: “खाल्लं का त्यांनी?”

मी म्हटलं, “नांगीनं तुकडे केले. तोंडाजवळ नेले. निम्मे पाण्यात विखुरले. खाल्लं असं मी म्हणणार नाही.”

“अरे, तोंडाजवळ नेलं म्हणजे खाल्लं ना.”

“तुकडे करणं म्हणजे खाणं नव्हे.”

“तुला पट्टी दिसतेय ना माझी? निदान आज तरी हो म्हण.”

मी हो म्हटलं नाही. आजही मला ते बरोबरच वाटतं. पण तू त्यावर बसक्या आवाजात जे हसलास ते मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आठवतं. ते आठवलं की माझं कामात लक्ष लागत नाही, एवढंच सांगतो.

मग बशा तोलायचा दिवस आला. तुझा अंदाज होता की स्वच्छ पाण्यातले भरलेले निघतील आणि मोरचुदाचे पोकळ. निघाले सगळेच पोकळ. दोन्हीकडे बशीत जेमतेम डाग. मोरचुदाकडे किंचित कमी, पण तो फरक माझ्या तराजूच्या चुकीत बसत होता. आपण पुन्हा केलं. पुन्हा तेच. तू खिडकीत जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, “तुझंच खरं, मध्या. टाकीत ठेवले की खात नाहीत. उपाशीच राहिले ते. तांब्याचा काही संबंध नाही.” तुमच्या खात्याच्या प्रमुखांनीही तेच म्हटलं आणि दुसरा विषय घ्या म्हणाले. तू दुसरा विषय घेतला नाहीस. टाक्या धुऊन उपड्या घातल्यास आणि चळवळीत होता त्याहून जास्त गुंतलास. तुझ्या भाषणांना लोक गर्दी करायचे. मी एकदा नरे पार्कात मागे उभा राहून ऐकलं, चांगलं बोलायचास. पण तुझ्याशी चहा पिताना कुर्ल्यांचा विषय निघाला की तू बशीतला चहा संपवून उठायचास. मला ते जिंकणं नको होतं. तुझ्याशी भांडायला मिळत होतं, तेच मला पुरेसं होतं.

आता पुढचं, जे तुला माहीत नाही.

तेराव्याला मी तुमच्या चाळीत आलो. जेवणं आटोपली होती, माणसं पांगली होती. तुझी आई गॅलरीत भिंतीला टेकून बसली होती आणि वहिनी भांडी लावत होत्या. कोपऱ्यात एक मोठा तांब्याचा हंडा उपडा ठेवलेला होता. एरवी तुमची सगळी भांडी चिंच लावून लखलखीत असतात, म्हणून माझं लक्ष गेलं. काळपट पडलेला, आणि काठाला आतल्या बाजूनं हिरवा थर. मी सहज विचारलं की हा असा का.

वहिनी म्हणाल्या, “तो आता कुणी वापरत नाही, भावोजी. ह्यांनी समुद्राच्या पाण्याला घेतला होता. वरळीहून पाणी आणायचे, ह्यात ओतायचे, गाळ बसायला रात्रभर ठेवायचे. सकाळी वरचं वरचं बाटल्यांत भरून कॉलेजला न्यायचे. मी म्हटलं, बादली घ्या ना. तर म्हणे, बादलीचं जस्त उतरतं, डब्याचा गंज उतरतो. हा आमच्या देवाच्या पाण्याचा हंडा, घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं. हेच हवं म्हणे.”

तुझी आई बसल्या जागेवरून म्हणाली, “माझो देवाचो हंडो. तेना समुद्राचा पाणी भरून भरून नासवल्यान तो. मी किती भांडलंय तेच्यावांगडा.”

मी विचारलं, “सगळं पाणी ह्यातलंच? सगळ्या टाक्यांचं?”

“एकच तर पाणी होतं,” वहिनी म्हणाल्या.

दत्ता, मी हंड्याजवळ उकिडवा बसलो आणि काठाचा हिरवा थर नखानं खरवडून बघितला. वहिनींना वाटलं मला भरून आलं, त्यांनी पाणी आणून दिलं. भरून आलं होतंच, पण कारण वेगळं होतं.

आपल्या दोघांच्या घरी लहानपणापासून एकच शिकवण. पिण्याचं पाणी तांब्यात ठेवावं, ते शुद्ध. ताक मात्र तांब्यात ठेवू नये, ते कळकतं. पाणी आणि ताक एवढंच आपल्या आयांच्या हिशेबात होतं, खारं पाणी नव्हतं, आणि खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. तू जस्ताला घाबरलास, गंजाला घाबरलास, आणि तांब्याचा अभ्यास करायला निघालेला माणूस तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवून बसलास, कारण तो हंडा तुला धातू वाटलाच नाही, देवाचं पाणी वाटलं. आणि तुझी आई दर शनिवारी तो हंडा चिंचेनं घासायची, म्हणजे आतला धातू नेहमी उघडा. अशी चूक विलायतेतल्या माणसानं केली नसती. त्याच्या घरी हंडा नसतो.

मी वहिनींकडे हंडा मागितला. आई म्हणाली, “ने. नायतरी तो आता देवाच्या उपयोगाचो नाय.” मी तो कॉलेजात आणला. काठाचा हिरवा थर खरवडून आम्लात विरघळवला, त्यात अमोनिया घातला, आणि नळी निळीशार झाली, ही तांब्याची खूण. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना करायला देतात. मग हंड्यात वरळीचं पाणी रात्रभर ठेवून ते नीट तपासलं. आपण मोरचूद मोजून घालायचो, जवळपास तेवढंच तांबं त्या ‘स्वच्छ’ पाण्यात होतं. म्हणजे दोन्हीकडच्या टाक्या गोदीच होत्या. एका गोदीत थोडं कमी आणि एकीत थोडं जास्त, एवढाच फरक.

इथपर्यंत आल्यावर एखादा भावनाप्रधान माणूस ‘दत्ता, तूच बरोबर होतास’ असं लिहून मोकळा झाला असता. मी तसा नाही, तुला माहीत आहे. हंड्यावरून एवढंच कळत होतं की आपला प्रयोग झालेलाच नव्हता. तू हरला नव्हतास आणि मीही जिंकलो नव्हतो. उपाशी की खाऊन पोकळ, हा प्रश्न होता तिथेच होता.

तेव्हा मी तो पुन्हा केला. तुझ्या खात्यात विचारलं, त्यांनी ‘तुम्ही?’ म्हणून बघितलं आणि टाक्या दिल्या नाहीत. मी आईकडे लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या मागितल्या. कशाला, हे तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, “दत्तारामाचं काम आहे ना? ने. पण परत आणू नकोस.” पाण्याला काचेचा बुधला घेतला. वरळीला खडकांवर मीच गेलो, धोतर वर खोचून, आणि एका कोळ्यानं मला ओळखल्यासारखं विचारलं की ते लालबागचे मास्तर कुठे आहेत. मी सांगितलं. त्यानं खेकडे निवडून, सगळे सारख्या अंगाचे दिले.

या वेळी मी तीन भाग केले. त्यातला दुसरा माझ्या हट्टासाठी. पहिल्याला स्वच्छ पाणी आणि खाणं. दुसऱ्याला स्वच्छ पाणी आणि उपास. तिसऱ्याला मोरचुदाचं पाणी आणि खाणं. उष्टं उरेल ते गाळून, वाळवून तोलायचं, म्हणजे तुकडे केले की खाल्लं या वादाला जागाच नको. या वेळी मी सुकट बोटांनी घालायचो. तिसऱ्या बरणीतला एक मोठा खेकडा माझी चाहूल लागली की वर यायचा. उष्टं फार कमी टाकायचा. मी रोज त्याच्याकडे बघून मनात म्हणायचो, गड्या, तू जेवू नकोस, मला जिंकायचं आहे. तो जेवायचा.

बशा गेल्या आठवड्यात तोलल्या. पहिल्या भागाच्या बशीत तेलासारखा पिवळा थर होता, तू दाखवला होतास तसा. उपाशी राहिलेल्यांच्या बशीत तो उतरलेला होता, पण होता, आणि माझ्या अंदाजापेक्षा बराच होता. तिसऱ्या, व्यवस्थित जेवलेल्यांच्या बशीत डाग होता. मी तराजूची चूक धरली, वास घेतला, बशी उजेडात धरली, पुन्हा तोलली. डागच होता.

खेकडे मोजकेच आहेत, प्रयोग एकदाच झाला आहे. एवढ्यावरून ग्रंथीत नेमकं काय बिघडतं ते सांगता येत नाही, चरबी बनत नाही की बनलेली टिकत नाही हेही नाही. ते तू केलं असतंस, मला ते येत नाही. माझ्याजवळ फक्त एवढं आहे की त्यांनी खाल्लं आणि ते अंगी लागलं नाही.

काल मी हंडा परत करायला लालबागला गेलो. आम्लानं आतून-बाहेरून साफ करून, चकचकीत करून नेला. वाटेत सगळीकडे कमानी उभ्या राहतायत, शिवाजी पार्ककडे तर आताच दिव्यांच्या माळा सोडायला लागलेत. नव्या राज्याचा दिवस जवळ आलाय. तुमच्या चाळीत पोरं पताका चिकटवत होती आणि खळ तुमच्याच दारात ठेवली होती. वहिनींनी चहा टाकला. मी आईच्या शेजारी बसलो आणि तिला समजेल असं सांगायला लागलो. गोदीचं पाणी, तांबं, हंडा, बरण्या. ती ऐकत होती की नाही कोण जाणे, हंड्याच्या काठावरून बोट फिरवत होती.

मध्येच तिनं विचारलं, “म्हंजे तेचा खरा होता?”

मी म्हटलं, “होय, आई. त्याचंच खरं होतं.”

“मगे माका कित्या सांगतंस?” ती म्हणाली. “तेका सांग.”

तिनं हंडा स्वतःकडे ओढून घेतला. मी चहा घेतला आणि निघालो.

दत्ता, तू संचारबंदीतून आलास, कपाळावर पट्टी बांधून, आणि मला एकच विचारलंस. मी तेव्हा हो म्हटलं नाही, कारण तेव्हा ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. त्यांनी खाल्लं रे. सगळं खाल्लं.